शंभर सीसीच्या पुढे

जपानमध्ये १९७५ साली मोटरसायकलच्या परवान्याची फाळणी झाली. चारशे सीसीपर्यंतची गाडी चालवायची तर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकून परवाना मिळे. त्याहून मोठी हवी असेल तर पोलिसांच्या परीक्षा केंद्रावर हजर व्हायचे, तिथल्या धिप्पाड गाडीवर बसायचे आणि ठरलेल्या वळणांतून, अरुंद फळीवरून ती काढून दाखवायची. बहुतेक जण नापास होत. मग पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा तीच फळी. ही व्यवस्था १९९६ पर्यंत टिकली. तिच्यामुळे जपानी कारखान्यांनी चारशे सीसीच्या गाड्यांवर इतकी कारागिरी ओतली, की त्यातल्या काही आपल्या थोरल्या बहिणींपेक्षा देखण्या निघाल्या.

ब्रिटनमध्ये शिकाऊ चालकाला १९६१ पासून अडीचशे सीसीची मर्यादा होती. अडीचशेची गाडी म्हणजे गरीब गाय, अशी कायदा करणाऱ्यांची समजूत असावी. पण सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुझुकीची जीटी २५० एक्स-७ ताशी शंभर मैलांचा दावा करत बाजारात आली आणि १९८० मध्ये यामाहाने आरडी २५० एलसी आणली. 'एल'ची पाटी लावलेली सतरा वर्षांची पोरे ताशी दीडशे किलोमीटरच्या गोष्टी करू लागली. १९८३ मध्ये सरकारने मर्यादा सव्वाशे सीसीवर आणली.

भारतात यातले काहीच झाले नाही. आरटीओच्या मैदानात भावाची किंवा ड्रायव्हिंग स्कूलची शंभर सीसीची गाडी न्यायची, जमिनीला पाय न टेकवता आठचा आकडा काढायचा, की 'गिअरची मोटरसायकल' चालवण्याचा परवाना हातात. त्यावर आठ अश्वशक्तीची गाडीही चालते आणि दोनशे अश्वशक्तीचीही. मोठी, वेगवान गाडी घ्यावी की नाही, याचा निवाडा इथे सरकारने कधी केला नाही. तो घरातल्या मंडळींनी केला, पेट्रोलच्या भावाने केला, हप्त्याने केला. त्याच्याही आधी कारखान्यांनी केला, कारण बराच काळ घ्यायला तशी गाडीच नव्हती. खाली शंभर-दीडशे सीसी आणि वर एकदम हजार. मधल्या पायऱ्या गायब. त्या उभ्या राहिल्या गेल्या पंचवीस वर्षांत, आणि त्यातल्या महत्त्वाच्या पुण्याच्या आसपास.

स्वातंत्र्यानंतरच्या तीन जुन्या गाड्यांकडे पाहिले की सुरुवात कुठून झाली ते कळते. मद्रासला १९५५ मध्ये एनफिल्ड इंडिया स्थापन झाली आणि लष्कराला हवी असलेली बुलेट ३५० इथे जोडली जाऊ लागली. मुंबईतले इराणी आडनावाचे उद्योजक आधी झेक जावा आयात करत. त्यांनी म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना काढला, आणि त्याच गाडीची १९७३ पासून येझदी झाली. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल गाडीवरून राजदूत १७५ बनवली. इंग्लिश, झेक आणि पोलिश असे तीन आराखडे. ते एकदा आले आणि वर्षानुवर्षे जवळजवळ तसेच राहिले. परवाना-कोटा राजच्या त्या काळात गाडी किती धावते हे विचारण्याआधी ती मिळते का, हे विचारावे लागे.

महाराष्ट्रात तर मोटरसायकल हे मध्यमवर्गाचे स्वप्नच नव्हते. ती पोलिसाची, लष्करातून निवृत्त झालेल्या सुभेदाराची, ऊस लावणाऱ्या बागायतदाराची किंवा दूधवाल्याची. शहरातला चढता क्रम वेगळा होता. आधी सायकल, १९७२ नंतर फिरोदियांची लुना, आणि सगळ्यांच्या वर बजाजची स्कूटर. तिच्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची, काही ठिकाणी दहा-दहा वर्षे. पुढे उभे राहिलेले मूल, मागे आडवी बसलेली बायको आणि बाजूला स्टेपनी, इतके सगळे पेलणारे वाहन मिळाल्यावर माणूस त्याच्या पलीकडे काही मागत नसे. वेगवान मोटरसायकल पाहायची ती पडद्यावर. १९७३ च्या 'बॉबी'त ऋषी कपूरने चालवलेली छोटी राजदूत जीटीएस लोकांनी 'बॉबी' याच नावाने ओळखली. तिचे इंजिन पावणेदोनशे सीसीचे होते, आणि वेगाशी तिचा संबंध गाण्यापुरताच.

मग १९८३ साली एस्कॉर्ट्सने एक अजब काम केले. यामाहाची आरडी ३५० ही जगाच्या बाजारात १९७३ ते १९७५ या काळात विकली गेलेली, रेसिंगच्या अनुभवातून घडलेली गाडी. यामाहा स्वतः तोवर पाण्याने थंड होणाऱ्या नव्या इंजिनांकडे वळली होती. एस्कॉर्ट्सने जुनी, हवेने थंड होणारी गाडी घेतली आणि राजदूत ३५० या नावाने भारतात बनवायला सुरुवात केली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. जपानी मूळ गाडीची ताकद ३९ अश्वशक्ती. भारतीय गाडीची ३०.५. कमी केली खरी, पण त्या वेळची बुलेट १८ अश्वशक्तीची होती. म्हणजे देशातल्या सगळ्यात दांडग्या गाडीच्या दीडपटीहून जास्त ताकद एका रात्रीत शोरूममध्ये येऊन उभी राहिली.

एस्कॉर्ट्सने आणखी एक बदल केला, आणि तो जास्त महागात पडला. मूळ गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता. इथे त्या जागी ड्रम बसवला.

या दोन गोष्टी एकत्र वाचल्या की त्या गाडीची बदनामी समजते. बुलेट किंवा येझदीवरून आलेल्या माणसाच्या हाताला आणि कानाला जुन्या सवयी होत्या. बुलेटचे फोर-स्ट्रोक इंजिन ॲक्सिलरेटर सोडला की स्वतःच गाडीला मागे ओढते. चालवणारा निम्मा ब्रेक इंजिनावरच मारत असतो. टू-स्ट्रोकमध्ये ही ओढ फारच कमी. शिवाय आरडीची ताकद सगळ्या वेगांवर सारखी येत नसे. खालच्या आरपीएमला ती शांत, आणि एका टप्प्यानंतर काटा पुढे सरकला की गाडी अंगात आल्यासारखी पळे, पुढचे चाक हलके होई. नव्या मालकाने ओव्हरटेक करताना गाडी पिळायची, तिने त्याच्या कल्पनेपेक्षा दुप्पट झेप घ्यायची, मग घाबरून हात सोडायचा आणि गाडी मंदावेल याची वाट पाहायची. तोवर समोर वळण. राजदूतचा यमदूत व्हायला एवढे पुरत असे. मूळ दोष ना एकट्या गाडीचा, ना एकट्या चालकाचा. अठरा अश्वशक्ती आणि तीस अश्वशक्ती यांच्या मधली गाडीच बाजारात नव्हती, जिच्यावर हात बसला असता.

पण ती बाजारातून गेली ती अपघातांमुळे नव्हे. लिटरमागे वीस-पंचवीस किलोमीटर देणारी गाडी पोसायची कोणी, हा खरा पेच होता. गिऱ्हाईक ॲव्हरेजवरून कुरकुरते म्हणून कंपनीने दोनच वर्षांत इंजिनाचे पोर्ट लहान करून २७ अश्वशक्तीची दुसरी आवृत्ती काढली. त्याने पेट्रोल थोडे वाचले, मजा त्याहून जास्त कमी झाली, आणि स्पेअर पार्टची महागाई होती तशीच राहिली. वेगासाठी गाडी घेणाऱ्याला कमी वेग विकायचा आणि बचतीसाठी घेणाऱ्याला तरीही बचत द्यायची नाही, असा हा व्यवहार. ऐंशीचे दशक संपता संपता उत्पादन थांबले. आज नीट सांभाळलेली आरडी लाखांत जाते आणि तिचे भाव सांगणारे बहुतेक लोक ती नवी असताना शाळेत होते.

तिच्या शेजारीच दुसरा इतिहास घडत होता, आणि तोच जिंकला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने शंभर सीसीच्या गाड्यांसाठी जपानी सहकार्याची दारे उघडली. १९८४ ला इंड-सुझुकी, १९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आणि एस्कॉर्ट्स-यामाहाची आरएक्स १००, १९८६ ला कावासाकी-बजाजची केबी १००. सीडी १०० ची जाहिरात 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' एवढेच म्हणे: टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा. मोटरसायकल पहिल्यांदाच नोकरदार माणसाच्या महिन्याच्या हिशोबात बसली. 'ॲव्हरेज किती देते?' हा प्रश्न तेव्हापासून गाडीच्या नावाआधी विचारला जाऊ लागला. त्याचे अधिकृत उत्तरही पुण्यातूनच निघते. वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या संस्थेत गाड्यांच्या चाचण्या होतात, आणि तिथला आकडा जाहिरातीत छापला जातो. सकाळी त्याच टेकडीवर फिरायला जाणारे निम्मे पुणेकर तो आकडा आपल्या गाडीला कधी का मिळत नाही, यावर बोलत असतात.

आरएक्स १०० ची गंमत या सगळ्यात वेगळी. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती आणि वजन जेमतेम शंभर किलो. बुलेटच्या अठरा अश्वशक्तीला दीडशेहून जास्त किलो ओढायचे असत, त्यामुळे अंगावरच्या किलोमागे दोघींची ताकद जवळपास सारखीच पडे, आणि हलकेपणामुळे सिग्नलवर आरएक्स पुढे निघून जाई. शिवाय घरात सांगताना 'शंभर सीसीच तर आहे' हे वाक्य तयार. वडिलांच्या चाळणीतून अलगद सुटणारी ही बहुधा एकमेव वेगवान गाडी. सोनसाखळी चोरांचीही ती आवडती, अशी तिची ख्याती होती. १९९६ मध्ये धुराच्या नियमांनी तिचा निकाल लावला. पण एका पिढीला तिने शिकवले की वेग फक्त सीसीत नसतो, किलोतही असतो.

पुढची पायरी बजाजला बांधावी लागली ती हौसेने नव्हे. नव्वदच्या दशकात लोक स्कूटर सोडून हिरो होंडाच्या मोटरसायकलकडे निघाले होते आणि आकुर्डीच्या कारखान्याची जुनी रांग विरळ होत चालली होती. १९९९ मध्ये हिरो होंडानेच सीबीझेड आणून दाखवून दिले, की १५६.८ सीसीच्या, पुढे डिस्क ब्रेक असलेल्या, थोड्या महागड्या गाडीलाही गिऱ्हाईक आहे. त्याच सुमारास चाकणला बजाजचा नवा कारखाना उभा राहिला. २००१ च्या अखेरीस तिथून पल्सर बाहेर पडली, १५० आणि १८० अशा दोन रूपांत. तिच्या घडणीत टोकियो आर अँड डी ही जपानी संस्था आणि ग्लिन कर हा ब्रिटिश डिझायनर यांचा हात होता. राजीव बजाज यांनी या गाडीवर कंपनीचे भवितव्य लावले होते.

तिची जाहिरात 'डेफिनेटली मेल' अशी होती. लुना, कायनेटिक होंडा आणि स्कूटीवरून बायका-मुलींनी ज्या शहराचे रस्ते आपलेसे केले, त्याच शहराच्या कंपनीने मोटरसायकलला मिशा लावल्या, हे आज वाचताना अवघड वाटते. विक्रीच्या दृष्टीने ती जाहिरात अचूक निघाली. त्या वाक्याने गाडीचा प्रश्न ॲव्हरेजपासून हलवून मालकाच्या प्रतिमेपर्यंत नेला. २००३ ला २२३ सीसीची करिझ्मा आली, हृतिक रोशनच्या चेहऱ्यासह. २००७ ला पल्सर २२० डीटीएस-एफआय आली. फ्युएल इंजेक्शन, दोन्ही चाकांना डिस्क, २० अश्वशक्ती. तंत्रज्ञान नवे, किंमत चढी, गिऱ्हाईक जपून. दोन वर्षांनी बजाजने इंजेक्शन काढून साधा कार्बोरेटर बसवला. ताकद थोडी वाढलीच, किंमत उतरली आणि गाडी जोरात खपली. ज्या देशात नाक्यावरच्या मिस्त्रीला उघडता येईल तेच इंजिन भरवशाचे मानले जाई, तिथे हे मागे जाणे शहाणपणाचे होते.

याच काळात बजाजच्या घरातही जुने आणि नवे यांचा वाद चालू होता. २००९ च्या डिसेंबरमध्ये राजीव बजाज यांनी स्कूटर बनवणे थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, आणि त्यांचे वडील राहुल बजाज यांनी आपल्याला तो लागल्याचे उघडपणे सांगितले. मुलाला मोटरसायकल हवी आणि वडिलांना स्कूटर, हा तंटा महाराष्ट्रातल्या कितीतरी बैठकीच्या खोल्यांत झाला होता. तो चेतक स्कूटरच्या खुद्द मालकांकडेही व्हावा, याला काय म्हणावे!

वरच्या टोकाला, म्हणजे हजार सीसीच्या प्रांतात, मात्र वेगळाच खेळ होता. १९९८ ची यामाहा आर१ आणि १९९९ ची सुझुकी हायाबुसा ही नावे भारतीय तरुणांना मासिकांतून पाठ होती. ताशी तीनशे किलोमीटर हा आकडा परवचा म्हणावा तसा म्हटला जाई. २००४ च्या 'धूम'ने तशा गाड्या गावोगावच्या पडद्यांवर आणल्या. विकत घ्यायच्या म्हटल्या तर प्रचंड आयातशुल्क, भारतीय चाचण्यांची अट आणि एकेका गाडीमागे कागदांचा गठ्ठा. परदेशातून कायमचा परतणारा एखादा जण घरसामानाबरोबर गाडी आणे, तेवढाच राजमार्ग.

हे दार उघडले ते हापूस आंब्याने. अमेरिकेने १९८९ पासून भारतीय आंबा किडीच्या कारणावरून अडवून ठेवला होता. भारताने धूर आणि मानकांच्या नियमांमुळे अमेरिकी हार्ले-डेव्हिडसन अडवून ठेवली होती. २००७ च्या एप्रिलमध्ये दोन्ही बाजूंनी गाठ सोडली. आंब्यावर गॅमा किरणांची प्रक्रिया करायची आणि मग तो अमेरिकेत जाऊ द्यायचा. बदल्यात आठशे सीसीच्या वरच्या गाड्या युरो-३ नियम पाळत असतील तर भारतात येऊ द्यायच्या. ती प्रक्रिया झाली नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला, कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या केंद्रात. कोकणचा हापूस आणि केसर घाट चढून कांद्याच्या गावी गेले, कोबाल्टच्या किरणांतून निघाले आणि अठरा वर्षांनी न्यूयॉर्कला उतरले.

दार हार्लेसाठी उघडले, पण शुल्क कायम असल्याने तिने यायला वेळ लावला; भारतात येण्याची घोषणा झाली २००९ मध्ये. तोवर त्याच दारातून जपानी आत शिरले होते. यामाहाने २००७ च्या डिसेंबरमध्येच आर१ अधिकृतपणे आणली, किंमत साडेदहा लाख. पुढच्या वर्षी हायाबुसा आली. आता शोरूममध्ये पैसे मोजून १८० अश्वशक्तीची गाडी घेता येत होती, आणि तिच्या खालची भारतीय गाडी होती वीस अश्वशक्तीची.

या मधल्या पोकळीत शिरण्याचा पहिला प्रयत्न पुण्याच्याच कायनेटिकने केला होता. कोरियाच्या ह्योसंगची अडीचशे सीसीची कॉमेट त्यांनी २००४ च्या सुमारास आणली, पण तेव्हा ती बाजाराच्या फार पुढे होती. २००८ ला यामाहाने उलट टोकाने सुरुवात केली. आर१५ ही फक्त दीडशे सीसीची, पण पाण्याने थंड होणारी, सहा गिअरची आणि वाकून बसायला लावणारी गाडी. महाविद्यालयीन मुलाला थोरल्या आर१ चा बाज परवडेल अशा किमतीत मिळाला, आणि वळणावर गाडी कशी झुकवायची हेही तो तिच्यावर शिकला. २००९ ला बजाजने कावासाकी निंजा २५० आर जोडून विकायला घेतली. दोन सिलिंडर, ३३ अश्वशक्ती, किंमत सुमारे २ लाख ७० हजार. २०११ ला ह्योसंग पुन्हा आली, या वेळी ६५० सीसीसह, आणि तिची जुळणी होऊ लागली ढोल्या गणपतीच्या वाईत, गरवारे मोटर्सच्या कारखान्यात. कृष्णेच्या घाटापासून थोड्याच अंतरावर व्ही-ट्विन इंजिने सुरू होताना ऐकणे हा अनुभव फार वर्षे टिकला नाही. व्यवसाय डीएसके मोटोव्हील्सकडे गेला, मग इटलीची बेनेलीही त्यांच्याकडे आली आणि २०१८ मध्ये बेनेलीने हैदराबादच्या महावीर ग्रुपशी नवा करार केला. मधल्या काळात ज्यांच्या गाड्या पार्टविना उभ्या राहिल्या, त्यांनी मोठी गाडी घेऊ पाहणाऱ्या मित्रांना ताकदीआधी सर्व्हिस सेंटर विचारायला शिकवले.

खरी पायरी मात्र ऑस्ट्रियाच्या वाटेने आली. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये बजाजने केटीएम या ऑस्ट्रियन कंपनीत १४.५ टक्के हिस्सा घेतला. केटीएमला छोट्या, स्वस्त आणि तरीही चपळ गाड्या हव्या होत्या, कारण युरोपात परवान्याचा जिना नव्याने बांधला जात होता. १२५ सीसी आणि १५ अश्वशक्तीपर्यंत ए-वन. ३५ किलोवॅटपर्यंत ए-टू. त्यापुढे पूर्ण परवाना. ए-टूची ही मर्यादा २०१३ च्या जानेवारीपासून लागू झाली. चाकणने ते मोजमाप डोळ्यांपुढे ठेवूनच गाड्या बनवल्या. १२५ ड्यूक २०११ ला युरोपात गेली. २०० ड्यूक २०१२ च्या जानेवारीत भारतात आली, १ लाख १७ हजारांना, २५ अश्वशक्तीची. २०१३ च्या जूनमध्ये ३९० ड्यूक आली. ४३.५ अश्वशक्ती, म्हणजे ३२ किलोवॅट, ए-टूच्या मर्यादेत व्यवस्थित बसणारी. किंमत १ लाख ८० हजार.

हिशोब करून पाहावा. २००९ च्या निंजावर एका अश्वशक्तीला सुमारे आठ हजार रुपये पडत. चार वर्षांनी ३९० वर तीच चार हजारांच्या आसपास पडली. वेग इतका स्वस्त भारतात कधी झाला नव्हता. २०२३ च्या जानेवारीत चाकणमधून दहा लाखावी केटीएम बाहेर पडली. त्याच वर्षी बजाजने ब्रिटनच्या ट्रायम्फबरोबर बनवलेली स्पीड ४०० चाकणमधूनच आली. केटीएम २०२४ च्या अखेरीस दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचली तेव्हा तिला सावरायला पैसा गेला तोही पुण्याहून.

इथे एक खोच आहे, आणि ती या इतिहासातली सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणायला हवी. युरोपातल्या मुलाला ३९० मिळते ती परीक्षा देऊन, आणि पुढच्या गाडीसाठी त्याला वयाची किंवा अनुभवाची अट असते. चाकणच्या फाटकाबाहेर तीच गाडी अठरा वर्षांच्या, काल शंभर सीसीवर आठ काढून आलेल्या मुलाला मिळते. जिना इथे घडला, पण त्याच्या कठड्याचा कायदा निर्यातीबरोबर बाहेरच राहिला. ३९० ला पहिल्यापासून एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) होते, हे तिच्या घडवणाऱ्यांचे श्रेय. सव्वाशे सीसीच्या वरच्या सगळ्या गाड्यांना एबीएस सक्तीचे व्हायला २०१९ चा एप्रिल उजाडला. १९८३ च्या आरडीचा ड्रम आठवला, तर तो नियम किती उशिरा आला हे कळते.

रस्त्यांनीही वेगवान गाडीला फारसे जवळ केले नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी, २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवरही बंदी. २०१८ च्या अधिसूचनेनुसार मोटरसायकलची वेगमर्यादा चौपदरी महामार्गावरसुद्धा ताशी ८० किलोमीटर, आणि तेवढा वेग सीडी १०० नेही गाठता येई. मोकळेपणाने गाडी पळवायची तर चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टाई, कोइम्बतूर किंवा ग्रेटर नोएडा. तिन्ही ट्रॅक महाराष्ट्राबाहेर. त्यामुळे पुण्याची ड्यूक जायची ती जुन्या घाटात, ताम्हिणीत किंवा वरंध्यात, जिथे वळणापलीकडे एसटी आहे की ढोर, हे कळत नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, त्यांत चाळीस टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. पुण्यात २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा निघाला होता. दुचाकींच्या राजधानीचा हा हट्ट बाहेरच्यांना समजावून सांगता येत नाही, आणि पुणेकरही हल्ली तसा प्रयत्न करत नाहीत.

आता पैशांच्या पायऱ्या. त्या सरकारने आणि विमा कंपन्यांनी चोख बांधल्या. २०१७ पासून महाराष्ट्रात दुचाकीवरचा एकरकमी कर ९९ सीसीपर्यंत १० टक्के, २९९ पर्यंत ११ आणि त्यापुढे १२ असा झाला. २०२२ च्या दराने तृतीयपक्ष विम्याचा वार्षिक हप्ता दीडशे सीसीच्या आत ७१४ रुपये, साडेतीनशेच्या आत १,३६६ आणि त्यावर २,८०४. नवी गाडी घेताना हा विमा पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. वर मऊ रबराचे रुंद टायर, जे वेगाने झिजतात. साखळी, स्प्रॉकेट, कूलंट, आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरशिवाय न उघडणारे इंजिन. पल्सर २२० वरून ३९० वर जाऊ पाहणारा माणूस रात्री जो कागद घेऊन बसतो, त्यावर अश्वशक्तीपेक्षा हेच आकडे जास्त असतात. घरची मंडळी त्या कागदावर नसतात, पण शेजारच्या खोलीत असतात.

२०२५ च्या २२ सप्टेंबरला त्या कागदावर नवी रेघ आली. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर उतरला आणि त्याच्या वरच्या गाड्यांवरचा, उपकर धरून असलेल्या ३१ टक्क्यांवरून ४० वर चढला. ३९० ड्यूकचे इंजिन तोवर ३९९ सीसीचे झाले होते, स्पीड ४०० चे ३९८. चाकणने ज्या मापावर दशकभर मेहनत घेतली, ते माप रेघेच्या अगदी पन्नास सीसी वर पडले. त्या दिवाळीत रॉयल एनफिल्डच्या ३५० सीसीच्या गाड्या बावीस हजार रुपयांपर्यंत स्वस्त झाल्या. त्यातल्या क्लासिकची ताकद आहे वीस अश्वशक्ती, जुन्या बुलेटपेक्षा दोनच जास्त.